कंपनीत छाटणी सुरू झाली की सही करण्याआधी हे बघून घ्या (बडोदा आणि आसपासच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी)

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा. एचआरने केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पाणी पाजलं आणि टाइप केलेला राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला, तर त्या दिवशी त्यावर सही करायची नाही. "घरी विचारून सांगतो, एक कॉपी द्या" एवढंच म्हणायचं आणि बाहेर यायचं. आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, फक्त सही करायची नाही. कॉपी देत नसतील तर कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचून लक्षात ठेवा आणि बाहेर आल्याआल्या तारीख, वेळ, केबिनमध्ये कोणकोण होतं हे वहीत लिहून काढा.

मी मकरपुऱ्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं टाइम ऑफिसला होतो, हजेरी, पगार, पीएफ, सेटलमेंट हेच काम, त्यामुळे हे कागद दोन्ही बाजूंनी बघितलेत. आता मांजलपूर, वाडी, प्रतापनगर, दांडिया बाजार इकडची ओळखीची माणसं कागद घेऊन येतात, आणि तेच तेच परत परत सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. आपल्या बडोद्यात हे काही नवीन नाही, आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीचा कंट्रोल 2002 मध्ये सरकारकडून खाजगी हातात गेला, हालोलचा जनरल मोटर्सचा प्लांट 2017 च्या एप्रिलमध्ये थांबला, मधल्या काळात लहान-मोठे कारखाने किती आले आणि किती गेले. मालक बदलतात, प्लांट बदलतात, पण मशीनवर उभ्या माणसाच्या हातात शेवटी जे पैसे येतात ते त्याने कुठल्या कागदावर सही केली यावर ठरतात. माझं सगळं सांगणं याच्याभोवतीच आहे.

आधीची चिन्हं

छाटणी अचानक होत नाही, दोन-चार महिने आधी फ्लोअरवर दिसायला लागते. ओव्हरटाइम बंद होतो. कॉन्ट्रॅक्टची मुलं आधी कमी होतात. स्टोअरमध्ये इंडेंट टाकला तर "थांबा जरा" असं उत्तर येतं, मशीनचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) रिन्यू होत नाही. कोणीतरी बाहेरची माणसं हातात टॅब घेऊन लाइनवर उभी राहून कोण किती वेळ काय करतो हे लिहायला लागतात आणि विचारलं तर "प्रॉडक्टिव्हिटी स्टडी" म्हणतात. सगळ्यात पक्कं चिन्ह मला विचाराल तर डाय, फिक्स्चर आणि गेजेस ट्रकमध्ये भरून कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला जायला लागणं, कारण टूलिंग गेलं की ते काम परत येत नाही. डिस्पॅचला तुमचं कोणी असेल तर चलनावर काय लिहिलंय ते त्याला माहीत असतं.

अशी दोन-तीन चिन्हं एकत्र दिसली की लगेच घाबरून राजीनामा टाकू नका आणि लगेच नवीन कर्जही काढू नका. कागद गोळा करा. अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर, प्रत्येक इन्क्रीमेंट आणि प्रमोशनचं लेटर, शेवटच्या किमान बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, पीएफचं पासबुक, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं. स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर असतील तर आजच डाउनलोड करून स्वतःच्या मेलवर टाका, कारण नोकरी गेली त्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि मग स्लिपसाठी सेक्युरिटीच्या केबिनमधून एचआरला फोन लावत बसावं लागतं. कंपनीचे ड्रॉइंग, कस्टमरचा डेटा असलं काही मात्र चुकूनही घेऊ नका, तेच कारण दाखवून काढून टाकतील आणि सेटलमेंटही अडकवतील.

कागद कुठला आहे ते आधी ओळखा

नोकरी जाते तेव्हा घरी एवढंच कळतं की नोकरी गेली. हिशोबात मात्र राजीनामा, व्हीआरएस (कंपनीकडून पैसे घेऊन स्वेच्छेने लवकर निवृत्ती), रिट्रेंचमेंट, ले-ऑफ, क्लोजर (कारखानाच बंद), ट्रान्सफर हे सगळे वेगळे आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे.

ले-ऑफ म्हणजे आपल्याकडच्या कायद्यात तात्पुरतं घरी बसवणं, नोकरी चालू असते. कच्चा माल नाही, ऑर्डर नाही, मशीन बंद आहे म्हणून बसवलं, आणि कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार असतील, तुमचं एक वर्ष पूर्ण झालेलं असेल, तर बेसिक आणि डीए मिळून जे होतं त्याच्या 50 टक्के मिळायला पाहिजेत. बोलावतील तेव्हा हजेरी लावायला जायचंच, नाही गेलात तर त्या दिवसाचे पैसे गेले.

रिट्रेंचमेंट म्हणजे खरी छाटणी, तुमचा काही गुन्हा नाही पण काम राहिलं नाही म्हणून काढलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडप्रमाणे एक वर्ष सलग सर्व्हिस झालेल्या कामगाराला (वर्षात 240 दिवस काम भरलं की ते सलग धरतात) एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय प्रत्येक वर्षाचा 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तीन महिन्यांची नोटीस किंवा पगार आणि सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते, 60 दिवसांत सरकारने उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. पूर्वी हा आकडा 100 होता. म्हणून कंपनीत रोलवर किती माणसं आहेत हे माहीत असणं गरजेचं आहे. अजून एक नवीन गोष्ट आलीय, री-स्किलिंग फंड, यात कंपनीने रिट्रेंच झालेल्या प्रत्येक कामगारामागे 15 दिवसांचा शेवटचा पगार भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात 45 दिवसांत यायला पाहिजे. हे बऱ्याच जणांना माहीतच नाही आणि न विचारता कोणी सांगतही नाही.

राजीनामा दिलात तर यातलं काहीही मिळत नाही. नोटीसचे पैसे नाहीत, छाटणीची भरपाई नाही, री-स्किलिंगचे नाहीत. फक्त ग्रॅच्युइटी, उरलेला पगार आणि रजेचे पैसे. म्हणूनच तो कागद आधी पुढे येतो.

आकड्यात बघू. समजा सीएनसी ऑपरेटर आहे, बेसिक-डीए मिळून 28,000, सर्व्हिस 16 वर्षं 7 महिने, म्हणजे 17 धरायची. ग्रॅच्युइटी म्हणजे 28,000 ला 26 ने भागून 15 ने आणि मग 17 ने गुणायचं, येतात साधारण 2 लाख 74 हजार 600. राजीनामा दिला तर मोठी रक्कम एवढीच. रिट्रेंचमेंट झाली तर यावर भरपाई 14,000 गुणिले 17 म्हणजे 2 लाख 38 हजार, नोटीसचे 28 हजार, री-स्किलिंगचे 14 हजार. एकाच माणसाच्या एकाच नोकरीत 2 लाख 80 हजारांचा फरक पडला, आणि तो फक्त कागदावर काय लिहिलंय त्यावरून.

गेल्या पावसाळ्यानंतर एक काका असाच कागद घेऊन आले होते. इंग्लिशमध्ये चार ओळी, "ड्यू टू माय पर्सनल रीझन्स" असं टाइप केलेलं, तारखेची जागा कोरी, आणि खाली पेन्सिलने बारीक फुली मारलेली, सही इथे करा म्हणून. एचआरचा मुलगा त्यांना म्हणाला होता, "काका, सही करी आपो ने, बाकी बधुं पछी जोई लइशुं." हे पछी, म्हणजे नंतर, कधीच येत नाही. कोरी तारीख म्हणजे ती त्यांना पाहिजे ती टाकणार. काकांनी सही न करता कागद घरी आणला होता हे फार बरं झालं, नंतर त्यांना आणि त्यांच्या लाइनवरच्या बाकीच्यांना कंपनीने लेखी नोटीस आणि भरपाई देऊनच सोडलं.

सही आधीच करून बसला असाल, दबावाखाली, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कंपनीला मेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवा की अमुक तारखेला अमुक जणांनी केबिनमध्ये दबाव टाकून सही घेतली, हा राजीनामा माझ्या मर्जीचा नाही, मी कामावर यायला तयार आहे. कॉपी लेबर ऑफिसला. दोन महिन्यांनी लिहिलेल्या पत्राला असं वजन राहत नाही.

व्हीआरएस नेहमी वाईट नसते

हे मुद्दाम लिहितोय कारण काही जण व्हीआरएसचं नाव काढलं की सरळ नाही म्हणतात आणि नंतर त्याच्या निम्म्या पैशात रिट्रेंच होतात. सरकारी कंपन्यांमध्ये ज्याला "गुजरात पॅटर्न" म्हणतात त्याप्रमाणे झालेल्या प्रत्येक वर्षाचे 35 दिवस आणि रिटायरमेंटला उरलेल्या प्रत्येक वर्षाचे 25 दिवस असा पगार मिळतो. वरच्याच ऑपरेटरचं वय 44 आणि रिटायरमेंट 58 ला धरली तर पूर्ण झालेल्या 16 वर्षांचे 560 दिवस आणि उरलेल्या 14 वर्षांचे 350, मिळून 910 दिवस, महिन्याचे 30 दिवस धरले तरी साडेआठ लाखांच्या जवळपास, ग्रॅच्युइटी वेगळी. खाजगी कंपनीवर हाच फॉर्म्युला बंधनकारक नाही, पण समोरची ऑफर तोलायला हे माप चांगलं आहे. ऑफर जर छाटणीच्या भरपाईपेक्षा थोडीशीच जास्त असेल तर ती तुमच्यासाठी नाही, कंपनीच्या सोयीसाठी आहे, कारण व्हीआरएस घेतलीत की कोर्टात भांडायचा रस्ता जवळजवळ बंद होतो आणि त्याची किंमत त्यांनी द्यायला पाहिजे.

टॅक्सचं पण बघा. व्हीआरएसची रक्कम 5 लाखांपर्यंत टॅक्स फ्री असते, पण आयुष्यात एकदाच, आणि स्कीम इन्कम टॅक्सच्या नियमात बसणारी असेल तरच, म्हणजे 10 वर्षं सर्व्हिस किंवा वय 40 पूर्ण, स्टाफ खरोखर कमी करायसाठी स्कीम आणलेली, सोडलेली जागा परत भरायची नाही वगैरे. स्कीम या नियमात बसते का हे एचआरकडून लेखी घ्या. ग्रॅच्युइटी 20 लाखांपर्यंत टॅक्स फ्री आहे, ते वेगळं.

स्कीमची मुदत बघा, पूर्ण वाचा, मुलगा किंवा सून अकाउंट्समध्ये असेल तर तिला दाखवा. "पहिल्या पन्नास जणांना जास्त मिळेल" असं म्हणून घाई करायला लावतात, तेव्हा ते पन्नासचं लेखी सर्क्युलरमध्ये आहे का ते आधी विचारा.

कंपनी विकली, किंवा तुमचं डिपार्टमेंट दुसऱ्या कंपनीत टाकलं

रिस्ट्रक्चरिंगच्या नावाखाली हे आता खूप होतं, बोर्ड तेच राहतं, गेट तेच, कँटीन तेच, फक्त पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव बदलतं. कायद्याप्रमाणे नवीन मालकाकडे सर्व्हिस तुटली नाही, अटी आधीपेक्षा वाईट केल्या नाहीत आणि पुढे कधी छाटणी झाली तर जुनी सर्व्हिस धरून भरपाई देऊ असं असेल तर ट्रान्सफरच्या वेळी भरपाई मिळत नाही. यातलं एक जरी नसेल तर जुन्या कंपनीने छाटणीसारखीच भरपाई द्यायला पाहिजे.

म्हणून नवीन अपॉइंटमेंट लेटर आलं की त्यातली जॉइनिंगची तारीख सगळ्यात आधी बघा. तिथे ट्रान्सफरची तारीख असेल आणि जुन्या सर्व्हिसचा कुठेच उल्लेख नसेल तर तुमची सगळी वर्षं पुसली गेली, ग्रॅच्युइटी परत शून्यापासून. सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या की पूर्वीच्या कंपनीतली अमुक तारखेपासूनची सर्व्हिस सलग धरली जाईल, ग्रॅच्युइटी, रजा आणि भरपाई सगळ्यासाठी. ते म्हणतील समजलेलंच आहे, लिहायची गरज नाही. पण समजलेलंच असेल तर लिहायला काय हरकत आहे. एकट्याने मागितलं तर टाळतात, शिफ्टमधल्या सगळ्यांनी मिळून एकच पत्र दिलं तर शक्यतो लिहून मिळतं.

दुसरा प्रकार म्हणजे तुम्हाला एकट्याला चेन्नईला किंवा पुण्याला ट्रान्सफर करणं, कारण माहीत असतं की मुलांची शाळा, आईवडील, घर सोडून तुम्ही जाणार नाही. न जाता घरी बसून राहिलात तर "गैरहजर" म्हणून काढतात आणि भरपाई पण नाही. ऑर्डर आली की अपॉइंटमेंट लेटरमध्ये ट्रान्सफरची अट आहे का बघा, दिलेल्या मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, अडचण सांगा, फेरविचार मागा, आणि उत्तर येईपर्यंत रोज गेटवर जाऊन हजेरी लावायचा प्रयत्न करा. गेटवर अडवलं तर त्या दिवशीच मेल करा.

कोणाला आधी काढायचं

मनाला येईल त्याला काढता येत नाही. त्या कॅटेगरीत जो सगळ्यात शेवटी लागला तो आधी जातो, आणि वेगळं केलं तर कारण लिहावं लागतं. कॅटेगरीवार सिनियॉरिटी लिस्ट नोटीस बोर्डावर लावतात. फोन आत नेता येत नसेल तर चहाच्या सुट्टीत वहीत उतरवून घ्या, तुमचं नाव, वर-खालची नावं आणि जॉइनिंगच्या तारखा. नंतर वर्षभरात त्याच कामासाठी कंपनीने परत भरती काढली तर रिट्रेंच झालेल्यांना आधी बोलवायला पाहिजे, म्हणून ओळखीच्यांकडून कान उघडे ठेवा आणि भरतीची जाहिरात दिसली तर सेव्ह करा.

यात एक मोठी अट आहे, हे सगळं कायद्याने जो "कामगार" आहे त्यालाच लागू. स्लिपवर एक्झिक्युटिव्ह किंवा ऑफिसर लिहिलं म्हणून कोणी कामगार राहत नाही असं नाही, हाताने, टेक्निकल किंवा क्लार्कचं काम करत असाल तर पगार कितीही असो तुम्ही कामगार. पण खरोखर सुपरवायझरचं काम असेल आणि पगार महिन्याला 18,000 च्या वर असेल, किंवा मॅनेजर असाल, तर हा कोड लागू नाही आणि तुमचं सगळं अपॉइंटमेंट लेटरमधल्या नोटीस पीरियडवर आणि बोलण्यावर. अशांनी तरी रोज नेमकं काय काम करतो याचे पुरावे ठेवावेत, कारण लाइनवर स्वतः मशीन चालवणारे कितीतरी "सीनियर एक्झिक्युटिव्ह" मला माहीत आहेत.

कॉन्ट्रॅक्टवर असाल तर पहिलं काम पीएफचं पासबुक उघडून बघा, कारण स्लिपमध्ये कापलेले पैसे खात्यात भरलेलेच नाहीत असं निघतं. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर मुख्य कंपनीवर तो द्यायची जबाबदारी येते, म्हणून अर्ज दोघांच्या नावाने करा, गेट पासची आणि हजेरीची कॉपी जोडा. फिक्स्ड टर्मवाल्यांना मुदत संपली तर छाटणीची भरपाई नाही, पण नवीन कोडप्रमाणे एक वर्ष झालं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षांची अट नाही. ती सोडू नका.

शेवटचा हिशोब

काढलं किंवा सोडलं, दोन्हीत पगाराचा हिशोब दोन वर्किंग दिवसांत व्हायला पाहिजे असं वेज कोड म्हणतो. "पंचेचाळीस दिवस लागतात, आमची पॉलिसी आहे" असं सांगतील, तेव्हा शांतपणे कोडचं नाव घेऊन मेल करा. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत, त्यासाठी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, उशीर झाला तर व्याज मिळतं. ग्रॅच्युइटीचा "पगार" कसा धरलाय तेही तपासा, नव्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा असतो. बेसिक मुद्दाम कमी ठेवलेल्या कंपन्यांत याने रक्कम बरीच वाढते आणि जुन्या पद्धतीने हिशोब काढून देणारे अजून आहेत.

साठलेल्या रजा, चालू वर्षाचा बोनस, युनिफॉर्म-शूजचं डिपॉझिट, सगळं लिहून मागा. आणि एम्प्लॉइज क्रेडिट सोसायटी विसरू नका. तुमचं कर्ज असेल तर ते सेटलमेंटमधून कापतात ते ठीक, पण शेअर आणि कंपल्सरी डिपॉझिट परत मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि तुम्ही ज्यांना जामीन राहिलात त्यांची यादी काढा, कारण छाटणीत तोही गेला आणि त्याने हप्ता भरला नाही तर सोसायटी तुमच्या पैशाला हात घालते. छाटणी एकत्र झाली की हे हमखास होतं, तेव्हा त्या मित्राशी आधीच बोलून घ्या.

सेटलमेंटच्या चेकबरोबर एक कागद येतो, "मला सगळी रक्कम मिळाली, यापुढे माझा काही क्लेम नाही." हिशोब पटला असेल तर खुशाल सही करा. पटला नसेल आणि घरात पैशाची गरज आहे म्हणून चेक सोडता येत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "अंडर प्रोटेस्ट, हिशोब मान्य नाही, हक्क राखून" असं लिहा आणि फोटो काढा. ते लिहू देत नसतील तर सही करून बाहेर येऊन लगेच मेल करा. टूल, आयडी कार्ड, लॉकरची चावी, लॅपटॉप परत दिल्याची पोच घ्या. एक्सपिरियन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटरशिवाय गेटच्या बाहेर पडू नका, आणि त्यात नुसतं "ऑपरेटर" नको, कुठली मशीन, कुठला कंट्रोल, व्हीएमसी की टर्निंग, किती वर्षं, हे लिहून घ्या.

पीएफ, पेन्शन, ईएसआय

नोकरी सुटली की पीएफ काढून घ्यायची घाई होते. थांबा. पोर्टलवर आधी कंपनीने एक्झिट डेट टाकली का बघा, टाकली नसेल तर शेवटच्या कॉन्ट्रिब्युशननंतर दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः टाकू शकता. नाव, जन्मतारीख, आधार, बँक यात एक अक्षर चुकलेलं असलं तरी क्लेम परत येतो, आणि हे कंपनी असताना दुरुस्त करणं सोपं, नंतर अकोट्याच्या पीएफ ऑफिसचे खेटे. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या बोर्डाने ठरवलं की बेकार झाल्यावर 75 टक्के लगेच आणि बाकीचे 25 टक्के एक वर्षाने काढता येतील, तर पोर्टलवर क्लेम भरताना चालू नियम बघूनच भरा.

पेन्शनचा भाग मात्र अगदी विचार करून. सगळ्या नोकऱ्या मिळून 10 वर्षं झाली की 58 नंतर पेन्शन लागू होते. 7-8 वर्षं झाली असतील आणि तुम्ही ते पैसे काढून टाकले तर ती वर्षं गेली, नवीन नोकरीत परत एकपासून सुरू. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (झालेली वर्षं जमा ठेवणारा कागद) घ्या किंवा नवीन कंपनीत ट्रान्सफर करा. जुने वेगवेगळे पीएफ नंबर असतील तर आत्ताच एका यूएएनखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) आणा.

पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर नोकरी गेली त्या दिवशी उपचार बंद होत नाहीत, भरलेल्या हप्त्यांप्रमाणे पुढे काही महिने चालतात, गोरव्याच्या ईएसआय हॉस्पिटलात जाऊन विचारा. ईएसआयची बेकारीची मदत पण असते, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालवतात, सध्या चालू आहे का ते ब्रँच ऑफिसला विचारून घ्या. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी, ती कारखाना बंद पडला किंवा रिट्रेंच झालात तर, आणि ती जास्त काळ मिळते. बघा, इथेही राजीनामा दिलेल्या माणसाचं नुकसान होतं.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. घरात शुगर, बीपी, कोणाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर जायच्या आधीच त्याच इन्शुरन्स कंपनीला विचारा की ग्रुपमधून स्वतःच्या पॉलिसीत जाता येईल का, ती सोय आहे आणि त्यात जुने आजार परत पहिल्यापासून मोजत नाहीत.

घरी

घरी त्याच दिवशी सांगा, बायकोला तर नक्कीच. डबा घेऊन रोज निघून कमाटीबागेत संध्याकाळपर्यंत बसून राहणारे लोक मी बघितलेत, आणि नंतर घरच्यांना जो धक्का बसतो तो नोकरी गेल्याचा कमी आणि लपवल्याचा जास्त असतो. घरकर्ज असेल तर हप्ता चुकायच्या आधी ब्रँचमध्ये जा, चुकल्यानंतर गेलात तर बोलणंच वेगळं होतं. मोठी रक्कम खात्यात पडली की पहिले काही महिने तिला हात लावू नका, आठ-नऊ महिन्यांचा घरखर्च एफडीत बाजूला, मग बाकीचं. भाच्याचा धंदा, सोसायटीतल्या कोणाचं तरी शेअरचं "पक्कं" गणित, वरच्या मजल्याचं बांधकाम, हे सगळं त्याच आठवड्यात येतं आणि व्हीआरएसचे पैसे तिथेच संपलेली घरं आपल्याच गल्लीत आहेत.

भांडायचं असेल तर

लेबर खात्यात कॉन्सिलिएशन ऑफिसरकडे (दोन्ही बाजूंत समेट घडवणारा अधिकारी) अर्ज करा. 45 दिवसांत काही झालं नाही तर सरळ ट्रिब्युनलमध्ये (कामगारांच्या वादांचं कोर्ट) जाता येतं, आणि काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे. पूर्वी तीन वर्षं होती, त्यामुळे जुन्या ओळखीचे लोक अजून तीन सांगतात, त्यावर विसंबू नका. युनियन असेल तर युनियनमधून, नसेल तर पाच-दहा जण मिळून एकच वकील करा, खर्च वाटला जातो आणि कंपनीलाही कळतं की हे गप्प बसणारे नाहीत. वकील बघताना त्याने लेबरच्या केसेस केल्यात का एवढं विचारा, प्रॉपर्टीवाला ओळखीचा वकील इथे कामाचा नाही.

पुढची नोकरी

केस चालू असली तरी दुसरीकडे काम बघायला हरकत नाही, घर चालवायला लागतंच. मिळालेला पगार मात्र लपवू नका, ट्रिब्युनलमध्ये विचारतात. गुजरात सरकारचं अनुबंधम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्ही पोर्टलवर नाव टाका. हालोलला बंद झालेला तोच प्लांट एमजीने घेऊन 2019 पासून गाड्या काढल्या, सावलीला रेल्वेचे डबे बनतात, बडोद्यात टाटा-एअरबसचं विमानांचं काम ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन होऊन सुरू झालंय, आणि अशा मोठ्या कंपनीमागे लहान व्हेंडर असतात ज्यांना जमलेला माणूस लगेच पाहिजे असतो. मोठ्या गेटवर बायोडाटा टाकून वाट बघण्यापेक्षा पोर आणि मकरपुऱ्याच्या जॉब शॉपमध्ये स्वतः जाऊन भेटा, मालक बहुतेक वेळा शॉप फ्लोअरवरच सापडतो, मशीन बघून बोलला तर अर्धं काम तिथेच होतं. चाळिशी ओलांडलेल्यांना मेंटेनन्स, क्वालिटी, सेटरच्या जागा लवकर मिळतात, नुसत्या ऑपरेटरपेक्षा. तरसाली आणि गोरव्याच्या आयटीआयमध्ये शॉर्ट टर्म कोर्सची चौकशी करा, पीएलसी किंवा सीएमएमचं एक सर्टिफिकेट जोडलं तरी बोलावणं येतं, आणि नवीन अपॉइंटमेंट लेटर हातात आलं की बेसिक किती, प्रोबेशन किती, ट्रान्सफरची अट कशी लिहिलीय हे वाचूनच त्यावर सही करा.